राष्ट्रपरिचयाची दवंडी

प्राध्यापक शालिग्राम गावंडे यांनी एखादं काम मनावर घेतलं की ते होतंच! हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. ‘फक्त होताना बघायला जवळ उभं राहू नका,’ ही पुरवणी मालेगावकरांची. आणि मंडळी, सन सत्तावन्नच्या मे महिन्यात त्यांनी जे काम मनावर घेतलं, ते बघायला तर अख्खी पंचक्रोशी जवळ उभी होती.

वऱ्हाडातल्या या मालेगावात तेव्हा कॉलेज निघून तीन वर्षं झाली होती. कॉलेज म्हणजे एका व्यापाऱ्याने देऊ केलेलं सरकीचं गोदाम. मध्ये बांबूचे तट्टे लावून चार वर्ग पाडलेले. एका वर्गात कविता सुरू झाली की पलीकडच्या अर्थशास्त्राच्या वर्गातली पोरं माना डोलवायची. आढ्यातून कापसाचे पुंजके अजून गळायचे, त्यामुळे काळ्याभोर केसांनी वर्गात शिरलेला प्राध्यापक तास संपताना पांढराफेक होऊन बाहेर यायचा.

या कॉलेजात शालिग्रामराव ‘राष्ट्रपरिचय’ नावाचा विषय शिकवत. विद्यापीठाने नव्यानेच काढलेला हा दोन वर्षांचा विषय. इतिहास, भूगोल, शेती, राज्यकारभार, व्यापार, लोकजीवन, सगळं एकाच ताटात वाढलेलं! सहा विषय आणि शिकवणारा माणूस एक. पण शालिग्रामरावांचा त्या विषयावर खरोखर जीव होता. आपला देश पोरांना समजला पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. तो आपल्याला समजलेलाच आहे, याबद्दल तर त्यांना शंकाच नव्हती.

घोटाळा झाला तो राज्य बदलल्यामुळे. वऱ्हाड होतं तिथेच राहिलं, पण मागच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलं. अभ्यासक्रमाच्या वर्णनात मात्र अजून बस्तरची जंगलं, रायपूरचा तांदूळ आणि जबलपूरचा संगमरवर! एका फटक्यात हे सगळं परराज्यात गेलं होतं, आणि कच्छचं रण घरात येऊन बसलं होतं.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. विषयाचं वर्णन सुधारून लिहा. त्याला गावात योग्य ती प्रसिद्धी देऊन लोकांच्या हरकती आणि सूचना मागवा. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी निरीक्षक येतील, त्यांना हे सगळं दाखवा. आणि नव्या वर्षासाठी निदान वीस नावांची यादी द्या, नाहीतर विषय बंद!

विषय बंद म्हणजे शालिग्रामराव बंद. त्यांना दुसरा विषय नव्हता आणि कॉलेजात दुसरी जागा नव्हती. पुन्हा कारंज्याच्या अडतीवर जाऊन कापसाच्या गाठींवर नंबर घालत बसायचं, एवढाच रस्ता उरला असता. आणि यादीत नावं होती नऊ!

आठ दिवस खपून त्यांनी नवं वर्णन लिहिलं आणि प्राचार्य नानाजींच्या टेबलावर आपटलं.

“नानाजी, वाचाच! विद्यापीठात असं वर्णन आजवर कोणी लिहिलं नसेल!”

नानाजींनी चष्मा चढवला. ‘भूधारणेचे स्वरूप व भूमिवितरण, आठ तास. जलसिंचन, दहा तास. दळणवळण, सहा तास. सार्वजनिक आरोग्य, पाच तास. कार्पासोत्पादन व विपणन, सात तास. लुप्तप्राय भ्रमणशील व्यापारी समाज, एक तास. समग्र विषय दोन वर्षांत पूर्ण करण्यात येईल.’

“अर्धं समजलं,” नानाजी म्हणाले. “उरलेल्या अर्ध्यासाठी कोश पाहतो. तोवर तुम्ही हे नोटीस बोर्डावर लावून टाका, म्हणजे प्रसिद्धी झाली.”

“बोर्ड वाचतं कोण? त्याच्यावर मागच्या दिवाळीच्या सुट्टीची नोटीस अजून आहे! नाही नानाजी, प्रसिद्धी म्हणजे प्रसिद्धी! गावागावात कळलं पाहिजे. मॅट्रिक होऊन घरी बसलेली पोरं कमी आहेत का? कळलं की धावत येतील. मी दवंडीच देतो!”

“अभ्यासक्रमाची दवंडी?”

“काय हरकत आहे?”

नानाजींना हरकत काय ते नेमकं सांगता आलं नाही, आणि शालिग्रामराव तोवर निम्म्या रस्त्यात पोचले होते.

पुंजाजी कोतवाल चाळीस वर्षं मालेगावात दवंडी देत होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं ते विसरत नसत. ते ओट्यावर बसून डफडं उन्हात तापवत होते.

“वाचून दाखवा एकडाव,” ते म्हणाले. “मंग मी पाहून घेतो.”

शालिग्रामरावांनी अर्धा तास वाचलं. ‘विपणन’ म्हणताना तर त्यांचा आवाज भरून आला. पुंजाजी डोळे मिटून ऐकत होते.

“समजलं ना पुंजाजी?”

“न समजाले काय झालं? भूमी म्हंजे जमीन. जल म्हंजे पानी. दळनवळन म्हंजे सडक. हे साह्यबलोकायचं बोलनं मी चाळीस वर्सापासून सोपं करून सांगून राह्यलो मास्तर! तुमी बिनघोर जा.”

शालिग्रामराव बिनघोर गेले. कुठे? तर कारंज्याला, वर्णनाच्या प्रती टाइप करून आणायला, कारण टाइपरायटर तिथल्या एका ओळखीच्या पेढीवर होता. शुक्रवारी सकाळच्या मोटारीत बसताना त्यांचं मन कृतज्ञतेने नुसतं भरून आलं होतं. किती मदत करणारी माणसं आहेत आपल्या भागात!

आणि इकडे भरल्या बाजारात, भाजीवाल्यांच्या आणि गुळाच्या ढेपींच्या मधोमध, पुंजाजींनी डफड्यावर काडी मारली.

“आयका हो आयका! कालेजातर्फे समद्यायले कळवन्यात येते, की जमिनीची वाटनी, वावराचं पानी, सडका, दवाखाना अन् कापसाचा बजार, या समद्या कामायले मंजुरी येऊन राह्यली! काम दोन सालात पुरं! सोमवारी दहाले मोठे साह्यब कालेजात येनार. ज्याची हरकत असन, सूचना असन, त्यानं हाजर राहावं. मांगून कोनाचं काही आयकल्या जानार नाई होऽऽ!”

हे शेवटचं वाक्य पुंजाजींचं घरचं होतं. चाळीस वर्षांत त्याच्याशिवाय त्यांनी एकही दवंडी संपवली नव्हती. कोणाची म्हैस हरवली, तरी ‘मांगून कोनाचं काही आयकल्या जानार नाई’! त्याशिवाय लोक उठत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. आणि तो अनुभव अगदी खरा होता.

रविवारी दुपारी शालिग्रामराव प्रती घेऊन परतले, तर मोटारीतून उतरताक्षणी तीन माणसांनी वाकून रामराम घातला. पानवाल्याने न मागता विडा दिला. घराच्या दारात अंबाडीची एक जुडी, दोन काकड्या आणि दह्याचं मडकं होतं. कोणी ठेवलं, पत्ता नाही!

“बघा,” ते स्वतःशीच म्हणाले, “लोकांना शिक्षणाची केवढी भूक आहे!” आणि काकडी खाऊन समाधानाने आडवे झाले.

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता कॉलेजचा शिपाई रामधन धापा टाकत दारात उभा.

“सर, चाला! लौकर चाला! कालेजात जत्रा भरली!”

“किती पोरं आली?” शालिग्रामरावांनी आनंदाने विचारलं.

“पोरं कायची बाप्पा! बुढे हायेत, बाया हायेत, तीस-चाळीस बंड्या सुटल्या! बैलं पार गोदामाच्या सावलीत बांधले. एक जन त म्हने माही जमीन कोन्या खोलीत भेटते?”

शालिग्रामरावांच्या हातातला वस्तरा गालावरच थांबला. अर्धी दाढी तशीच ठेवून ते धावले. गोदामापाशी पुंजाजी भेटले, ते नवा फेटा बांधून गर्दीला रांगेत बसवत होते.

“पुंजाजी, हे काय केलंत तुम्ही?”

“काय केलं? तुमी सांगतलं थेच सांगतलं! जमीन, पानी, सडक. एकबी शब्द घरचा घातला नाई. फकत तास गाळले. बजारात घड्याळ कोनापाशी हाय?”

“अहो, ते शिकवायचं आहे! द्यायचं नाही!”

पुंजाजींनी डफडं काखेत सारलं. “मंग दवंडी कायले देल्ली?” त्यांनी शांतपणे विचारलं.

लोकांना परत पाठवायचं, असं शालिग्रामरावांनी ठरवलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात मोटारस्टँडकडून नानाजी येताना दिसले. त्यांच्यासोबत छत्री आणि चामडी पिशवी घेतलेले एक किरकोळ अंगाचे गृहस्थ. निरीक्षक! तेही एक तास लवकर!

निरीक्षकांनी गर्दी पाहिली, बंड्या पाहिल्या, गोदामाच्या भिंतीला अंग घासणारे बैल पाहिले.

“हे सगळे कोण?”

नानाजींनी शालिग्रामरावांकडे पाहिलं. शालिग्रामरावांनी आकाशाकडे पाहिलं.

“हे... अभ्यासक्रमावर हरकती घेऊन आले आहेत, साहेब.”

हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, हे बोलतानाच शालिग्रामरावांना कळत होतं.

निरीक्षकांच्या हातातली छत्री खाली आली. “मी या पत्रानंतर अकरा कॉलेजं फिरलो, गावंडे. एकाही ठिकाणी एकही हरकत नाही! वर्णन वाचतंच कोण? आणि इथे तीनशे माणसं? बसवा, बसवा सगळ्यांना! तुम्ही एकेक घटक वाचा. मी हरकती लिहून घेतो.”

लोक गोदामात मांडी घालून बसले. शालिग्रामरावांनी कागद उघडला. जमिनीचा घटक पहिला होता, तो त्यांनी हुशारीने शेवटी ढकलला.

“दळणवळण,” ते पुटपुटले. “सहा तास. कोणाची हरकत?”

मधल्या रांगेतून एक उंच माणूस उठला. हा किन्हीराजाचा रामकिसन, चांगला पिकवणारा कास्तकार.

“माही हरकत हाय! सडकीले सहाच तास काहून? आमची किन्हीराजाची सडक पाह्यली काय तुमी? पावसाळ्यात बंडी फसली त दिवाईले निंघते! तिले कमीत कमी साठ तास पायजे!”

“साठ!” निरीक्षकांनी आनंदाने लिहून घेतलं. “स्थानिक उदाहरणासह सूचना. फारच छान. पुढे?”

“जलसिंचन, दहा तास.”

“दहा तासात त मोटीचे बैलबी दमत नाईत!” कोणीतरी ओरडलं. “वाढवा!”

“वाढवा!” सगळं गोदाम.

“सार्वजनिक आरोग्य, पाच तास.”

एक म्हातारे आजोबा काठी टेकत उठले. “पाच तास चालन. पन कोन्ते पाच? सकाऊनचे का संध्याकाळचे? अन् बजाराच्या दिवशी बंद ठेवजा नोका!”

“वेळापत्रकाचीसुद्धा सूचना!” निरीक्षक नानाजींच्या कानात म्हणाले. “काय जागरूक लोक आहेत हो तुमचे!”

नानाजींनी मान डोलवली आणि रुमालाने मान पुसली. शालिग्रामरावांचा सदरा पाठीला चिकटला होता. वरून पडणारा कापूस घामाने त्यांच्या गालाला चिकटत होता, त्यामुळे एका बाजूला दाढी आणि दुसऱ्या बाजूला कापूस असा त्यांचा अवतार झाला होता. पण काम फत्ते होत होतं! लोक खूश, निरीक्षक खूश. अजून अर्धा तास गप्प राहिलं की झालं. त्यांचं मन आतून खात होतं, पण तोंड मात्र मिटलेलं होतं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक बंजारा म्हातारी उठली. हातभर पाटल्या, कपाळावर ओढलेली ओढणी, तिच्यावर आरशांचं भरतकाम. ही कमलीबाई. चार कोसांवरच्या तांड्यावरून पहाटेच निघून चालत आली होती. तिच्या खांद्यावर एक जाड दोरीचं वेटोळं होतं.

“साह्यब,” ती म्हणाली, “सडक झाली, पानी झालं. जमिनीचं कवा? मले चार कोस परत जाचं हाय.”

शालिग्रामरावांना वाचावंच लागलं. “भूधारणा व भूमिवितरण... आठ तास.”

“आठ तास कायले? आत्ताच चाला. मी दोरी संग आनली.”

“दोरी?” निरीक्षकांनी पेन उचललं. “दोरी कशाला, बाई?”

“मोजाले! तुमची साखळी आमच्या तांड्यापाशी आली की आखूड होते. म्हनून घरची दोरी आनली.”

गोदामात हशा झाला. निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग लोकांकडे, मग अगदी सावकाश शालिग्रामरावांकडे.

आता मात्र शालिग्रामरावांना राहवेना. ही बाई चार कोस दोरी घेऊन आली, आणि आपण नोकरीसाठी तिला इथे बसवून ठेवलं! त्यांनी कागद खाली ठेवला. त्यांची ती कोशातली मराठी कुठल्या कुठे पळाली आणि तोंडातून सरळ घरची बोली बाहेर पडली.

“माय, अथी जमीन भेटत नाई. पानीबी नाई, सडकबी नाई. अथी नुसतं शिकवतेत. थे लिवलेलं पोट्ट्यायले शिकवाचं हाय. दवंडी मीच देवाले लावली. चूक माही हाय. मले सकाऊनच समजलं होतं, पन विषय बंद पडन म्हनून मी गप बसलो. मले माफ करा.”

रामधन हळूच दाराकडे सरकला. तीनशे माणसं आणि एकच दार, हा हिशेब त्याने आधीच केला होता.

कमलीबाई रागावली नाही. ती खाली बसली आणि दोरी मांडीवर ठेवली.

“नुसतं शिकवतेत,” ती म्हणाली. “मंग आमच्याबद्दल काय शिकवतेत? लिवलं काय आमचं कुठी? वाच बरं.”

शालिग्रामरावांनी कागद उचलला. शेवटचा घटक. “‘बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून व्यापार करणारे भ्रमणशील समाज आता लुप्त झाले असून...’”

“लुप्त म्हंजे?”

“म्हंजे... आता नाईत.”

“मंग मी कोन होय?”

अहो, गोदामाचे पत्रे हादरले! लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. पुंजाजींनी तर डफड्यावर काडीच मारली. निरीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. शालिग्रामरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण हसू त्यांनाही आवरेना.

“लुप्त खोडा!” निरीक्षक म्हणाले. “बाई, तुम्ही सांगा. काय लिहायचं?”

कमलीबाईने सांगायला सुरुवात केली. तिच्या सासऱ्यापाशी दीडशे बैल होते. मीठ कुठून उचलायचं, कुठल्या घाटात चोरांना ऐकू जाऊ नयेत म्हणून बैलांच्या गळ्यातल्या घंटा बांधून टाकायच्या, कोणत्या झाडाखाली हमखास पाणी लागतं, वाटेत बाळंत झालेल्या बाईसाठी तांडा किती दिवस थांबायचा. तिला एकही शब्द अडला नाही. निरीक्षक लिहीत होते. शालिग्रामरावांनीही कागद उलटा करून पाठीमागे लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, की गेली तीन वर्षं आपण हा घटक एका तासात उरकत होतो आणि वर दहा मिनिटं लवकर सोडत होतो.

मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. रामकिसनने कापसाचा घटक मागून घेतला आणि ऐकून कपाळावर हात मारला. “यातल्या दोन जाती माह्या बापानं सोडल्या! अन् अडतीवर वजन कसं मारतेत, हे त कुठीच नाई लिवलं!” मघाच्या आजोबांनी पटकीच्या वर्षी गाव कसं वावरात राहायला गेलं ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत सदतीस हरकती झाल्या. त्या लिहून घेताना निरीक्षकांची शाई दोनदा संपली. जेवणाच्या वेळी बाया फडकी सोडून भाकरी-ठेचा वाटत होत्या. त्यातली पहिली भाकर कमलीबाईने शालिग्रामरावांच्या हातावर ठेवली. ज्यांना आपण फसवलं, त्यांचीच भाकर! त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात हात जोडले.

शेवटी निरीक्षकांनी वही मिटली.

“वर्णन मला पसंत आहे. म्हणजे तुमचं नाही गावंडे, यांचं. पण नियम तो नियम. वीस नावं?”

“नऊ,” शालिग्रामराव खाली मान घालून म्हणाले.

रामकिसन उठला. “माह्या पुतन्याचं नाव घाला. मॅट्रिक होऊन दोन साल झाले, घरी गोठा झाडते.”

“अहो पण रामकिसनभाऊ, मिळायचं तर काही नाही इथे!”

“थे समजलं आमाले. जमीन नाई भेटत, नाई त नाई. पन आजलोक आमचं म्हननं कोनी लिवून घेतलं होतं काय? या साह्यबानं लिवून घेतलं. तुमी चूक कबूल केली. कोन्ता साह्यब कबूल करते? पोट्टं येईन, आन् आमच्या सडकीबद्दल काय लिवलं थे तरी वाचन.”

शालिग्रामरावांना काहीतरी मोठं, सुंदर बोलायचं होतं, पण बाहेर पडलं ते एवढंच, “लय उपकार झाले भाऊ.”

कमलीबाईने नातवाचं, सेवादासचं नाव दिलं. मग इकडून एक, तिकडून एक. मालेगावातल्या एका सावकाश बोलणाऱ्या गृहस्थांनी आपल्या मुलीचं, ललिताचं नाव घातलं, तेव्हा सगळे क्षणभर चपापले आणि मग बायकांनीच टाळ्या वाजवल्या. रामधन यादी मोजत होता.

“सतरा... अठरा... एकोनीस!”

आणि यादी थांबली! पंचक्रोशीतली मॅट्रिक झालेली पोरं संपली. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. एका नावासाठी सगळं जाणार! नानाजींनी डोळे मिटले.

“हा मास्तर हाय नं,” कमलीबाई म्हणाली. “याचंच नाव घाला.”

“बाई, ते प्राध्यापक आहेत!” नानाजी दचकले. “एम.ए. झालेत!”

“झाले असतीन. पन यातलं त्याले काय येते? सकाळपासून पाहून राह्यली मी, लिवून घेऊन राह्यला बिचारा.”

सगळ्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, चार पानं चाळली, पुन्हा मागे गेले.

“मॅट्रिक पास असावा,” ते गंभीरपणे म्हणाले. “आहे. वर्तणूक चांगली असावी. आज सकाळ सोडली तर, आहे. शिकवणाऱ्याने शिकू नये असं कुठे लिहिलेलं नाही. लिहा, वीस!”

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. विषय चालू! मात्र पहिल्या वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा गावच्या जाणकारांपुढे व्हावी, आणि वीसच्या वीस विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला गेले तरच विषय पुढे चालेल, अशी अट होती.

त्या वर्षी शालिग्रामराव सकाळी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी शिकायला जायचे. किन्हीराजाच्या सडकेवर दोनदा फसले, तेव्हा सहा तास का पुरत नाहीत ते समजलं. तांड्यावर बसून त्यांनी घाटांची नावं घोकली. आणि खरं सांगायचं तर असं सुख त्यांना एम.ए. करतानाही लाभलं नव्हतं. जो भेटेल त्याचे ते आभार मानायचे, इतके की लोक त्यांना लांबून पाहून रस्ता बदलायला लागले.

मार्च महिन्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक कमलीबाई. सेवादास पास, ललिता पास, रामकिसनचा पुतण्या पास, एकोणीसच्या एकोणीस पास! शेवटी आपले प्राध्यापक हात जोडून समोर बसले. घाटांची नावं त्यांनी धडाधड सांगितली, पण क्रम चुकला आणि दीडशे बैल पाण्याशिवाय दोन मुक्काम पुढे गेले.

“मेले ना बैल!” कमलीबाई ओरडली. “समदे मेले!”

शालिग्रामरावांचं तोंड उतरलं. पण नानाजींनी निकालपत्र वाचलं, तेव्हा त्यांच्या नावापुढे पस्तीस गुण होते. पास! ते धावतच गेले आणि त्यांनी कमलीबाईचे पाय धरले.

“माय, तुमचे उपकार कसे फेडू? मले समजते असं तुमाले वाटलं, यातच माहं समदं आलं!”

“काय समजते तुले? काहीच नाई समजत!” कमलीबाई म्हणाली. “तू नापास झाला असता त इसाचे एकोनीस झाले असते, आन् माह्या सेवादासचा विषय बंद पडला असता. म्हनून ढकललं तुले वरते!”